शेवटचं प्रकरण

"तुझा राक्षस फार बोलतो," माझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं वाचून ताई म्हणाली. "पण नावाडीण झकास आहे. ती अजगराच्या पाठीवर उभी राहिली, तेव्हा माझा चहा गार झाला."

दुसऱ्या दिवशी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ताई कुठल्याही पुस्तकाचा शेवट आधी वाचते. नायिका जगणार याची खात्री झाल्याशिवाय पहिलं पान उघडत नाही. म्हणून मी तिला मुद्दाम सुरुवातच दिली होती. पण आता मलाच राहवेना. पिशवीतून शेवटचं प्रकरण काढून हॉस्पिटलच्या खाटेवर, तिच्या पुढ्यात ठेवलं.

तिने चष्मा काढला आणि न वाचताच ते कागद पुन्हा माझ्या पिशवीत कोंबले.

"घरी आल्यावर वाचीन. तोवर त्या राक्षसाची बडबड कमी करून ठेव."