फाटकाआडचा वड

वटपौर्णिमेचं ताट सांभाळत शेवंता वस्तीतल्या बायकांबरोबर बागेच्या फाटकाशी आली, तर आत तिचाच नवरा वॉचमनच्या टोपीत ताठ उभा!

"शेजारच्या टॉवरवाल्यांनी सांगितलंय, त्यांच्या कार्डाशिवाय कुणाला सोडायचं नाही," तो तिची नजर चुकवत म्हणाला.

"बाग सरकारी, वड आमच्या सासवांनी पुजलेला. कार्ड कसलं मागतोस?" शेजारीण कडाडली.

उपाशीपोटीसुद्धा शेवंताला हसू आवरेना. "राहू द्या गं बायांनो. वड नाही तर व्रत नाही. सात जन्मांची सुटले मी!"

बायका खिदळल्या. तो गोरामोरा झाला आणि कुलूप निघालं.

सातवी फेरी संपली. खोडाला गुंडाळलेल्या सुतावर बोट फिरवत ती म्हणाली, "अहो, उद्या पुन्हा कुलूप दिसलं, तर उलट्या फेऱ्या घालून हे सगळं सोडवीन हं!"

किल्ली मुकाट्याने तिच्या ताटात, आंब्यांमध्ये येऊन पडली.