मशीनवाल्याचा नंबर

"नंबर तर जिवंत आहे, वहिनी," स्क्रीनवर बोट टेकवत मोबाइलवाला म्हणाला. "नावही जुनंच आहे. मालक कुठेत?"

"ते नाहीत," ती म्हणाली आणि पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून काउंटरवर ठेवला. "रिचार्ज सासूबाई मारतात. दर महिन्याला, न चुकता."

मोबाइलवाला मुळात अघळपघळ माणूस. सिम चालू होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्यांची चौकशी करून मोकळा होणारा. पण हा दाखला त्याने दोनदा वाचला.

"रिचार्ज कशासाठी?" त्याने शेवटी विचारलं.

"म्हणतात, बंद पडला तर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकेल. माझ्या लेकाच्या नंबरवर परक्याचा आवाज मला ऐकवणार नाही."

"आईचं काळीज," मोबाइलवाला म्हणाला.

तिचा नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. एका सुट्टीच्या दिवशी भाड्याची होडी घेऊन तलावात मासे धरायला गेला आणि होडी तेवढी काठाला लागली. आत चपला होत्या, ओळखपत्रं घातलेलं पाकीट होतं. तो नव्हता. फोन खिशात असणार, तोही त्याच्याबरोबर गेला, असं सगळेच म्हणाले. तलाव ढवळून काढला तरी काही हाती लागलं नाही. मग दाखल्यासाठी तिने ऑफिसांचे उंबरे झिजवले. त्यात वर्षं गेली. मूलबाळ नव्हतं. घरात उरल्या दोघीच, सून आणि सासू, एकमेकींच्या आधाराने.

नवऱ्याला पाने-पेचकस देता देता ती काम शिकली होती. मशीन टाके का सोडतं, हे आता तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. लोक तिला मशीनवाली म्हणू लागले होते. पण गावातल्या निम्म्या मशीनवर अजून नवऱ्याचं स्टिकर होतं, 'मशीन अडलं? फोन करा', आणि खाली हा नंबर. बायका फोन लावायच्या, तो लागायचा नाही, आणि त्या समोर नव्याने दुकान थाटलेल्या कारागिराकडे जायच्या. हातातोंडाशी आलेला घास रोज दुसऱ्याच्या ताटात पडत होता. असंच चाललं तर दुकानाला टाळं लावावं लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

सासूबाईंपुढे तिने दोनदा विषय काढून पाहिला. दोन्ही वेळा त्या जेवल्या नाहीत. "नंबर सोडून काहीही माग," एवढंच म्हणाल्या. म्हणून आज ताकास तूर लागू न देता ती इथे आली होती.

मोबाइलवाल्याने तिचा फोटो काढला, अंगठा घेतला, नवं सिम कार्ड पाकिटातून काढून तिच्या फोनच्या दुसऱ्या कप्प्यात बसवलं.

"हे चालू झालं की जुनं आपोआप बंद. एका नंबरची दोन सिमं नांदत नाहीत, सवतींसारखी."

"जुनं तलावाच्या तळाशी आहे हो," ती म्हणाली.

त्याने जीभ चावली. "तासभर लागेल, वहिनी. बसा."

ती स्टुलावर बसली खरी, पण जिवाला चैन पडेना. पोटच्या पोरासारखं जिने सांभाळलं, तिच्यापासून चोरून हे करायचं? शेवटी न राहवून तिने आपल्या नेहमीच्या नंबरवरून घरी फोन लावला.

"आई, रागावू नका. मी ह्यांचा नंबर माझ्या नावावर करून घेतेय. दुकानातच बसलेय."

पलीकडे काहीच ऐकू येईना.

"आई?"

"कधी चालू होणार?" सासूबाईंचा आवाज अगदी कोरडा होता.

"तासभर म्हणतायत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ती आकांताची तयारी ठेवून होती आणि मिळालं नुसतं 'बरं'. तिचे डोळे भरून आले. म्हातारीने शेवटी मन मोठं केलं म्हणायचं. जाताना त्यांच्यासाठी काहीतरी गोड न्यायचं तिने ठरवलं.

"तुमचं नशीब जोरावर दिसतंय!" मोबाइलवाला ओरडला. "आत्ताच चालू झालं की! खात्री करून घेऊ. दुसऱ्या सिमवरून मला मिस्ड कॉल द्या."

तिने दिला. काउंटरवरचा त्याचा फोन वाजला आणि दोघांचीही नजर तिकडे गेली. स्क्रीनवर नाव आलं होतं, 'मशीनवाला'.

"बायकोचं मशीन त्यांच्याकडेच असायचं," तो ओशाळून म्हणाला. "पुसायचं राहूनच गेलं. आता 'मशीनवाली' करतो."

ती रडता रडता हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आता निभेल. दुकान वाचलं.

ती पायऱ्या उतरते आहे तोच फोन वाजला. नव्या नंबरवरचा पहिला फोन! स्क्रीनवर 'आई' होतं.

तिला भडभडून आलं. चालू झालाय हे म्हातारीला ठाऊकही नाही, उगाच लेकाचा नंबर शेवटचा लावून बघत असेल. एकदम आपला आवाज ऐकून घाबरायची. सावकाश बोलायला हवं. तिने फोन उचलून कानाला लावला.

तेवढ्यात पलीकडून सासूबाईंचा दबका, घाईचा आवाज आला, "बाळा, बरं झालं अवेळीही फोन चालू सापडला, नीट ऐक. ती तुझा नंबर घ्यायला बसलीय, तासाभरात तुझं सिम बंद पडेल. त्याआधी माझ्या नातीला जरा फोनवर दे."