सुलटा माणूस

सोलापूरचे फोटोग्राफर वेणीमाधव मास्तर धबधब्याशी पोचतात तोच शेवाळावरून सटकून कॅमेऱ्याच्या तिवईचा पाय मोडला. वाटाड्या भीमाने मुंडासं सोडून तो करकचून बांधला. मास्तर कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरले. काचेवर नेहमीसारखं सगळं उलटं, पाणी वर चढणारं. पण पाण्यात एक बोडका माणूस सुलटा उभा! दचकून त्यांनी बाहेर पाहिलं. कुणीच नव्हतं. “मास्तर, म्या कड्यावर हुबा ऱ्हातो की. धबधबा केवढा हाय ते फोटूत कळंल,” म्हणत भीमा बोडकाच वर गेला. मास्तरांनी पुन्हा काचेत पाहिलं. कड्यावरचा भीमा रीतसर उलटा दिसला. उभा माणूस इथं उलटा दिसतो. मग सुलटा दिसला तो खाली डोकं वर पाय कोसळणारा! “मागं हो!” मास्तर हात हलवत ओरडले. पाण्याच्या आवाजात भीमापर्यंत नुसते हातवारे पोचले. तो हसत पाऊलभर पुढे आला.