नितळ पाणी

चौथा मासा मेला, तेव्हा मी फिल्टर बदलला, हीटर बदलला, खाणंसुद्धा बदललं. दुकानदारानं हात टेकले. बायको म्हणाली, "आता टाकीची वास्तुशांत करून घ्या."

"पाण्यात खोट नाही," अण्णा ठामपणे म्हणाले. माझ्या वडिलांची अख्खी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात गेलेली. पाण्याचा विषय मी तिथंच सोडला.

रविवारी पूजा आटोपून अण्णा टाकीपाशी आले. बाह्या सरसावून त्यांनी तुरटीचा भलामोठा खडा पाण्यात गरागरा फिरवायला सुरुवात केली.

"अण्णा! हे रोज करता?"

"मग काय, गढूळ पाण्यात ठेवू त्यांना? तीस वर्षं गावाला पाणी दिलंय. एकाचीही तक्रार नाही!"

पाचवा मासा पोट वर करून तरंगत होता. त्याचीही तक्रार नव्हती.