पाखरांची सोय

अनसिंगच्या शालिग्रामकाकांच्या हरभऱ्यात घाटेअळी शिरली, ती दोन फवारे मारूनही हटेना. सहा महिन्यांपूर्वी बदलून आलेली कृषी सहायक योगिनी त्यांना म्हणाली, "काका, तिसरा फवारा राहू द्या. शेतात जागोजागी उंच काठ्या रोवा. पाखरं येऊन बसतील आणि अळ्या टिपतील." गावात तिचं कोणी ऐकत नसेच. काकांनीही नुसती मान हलवली.

पंधरा दिवसांनी ती त्यांच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर पोचली आणि बघतच राहिली. शेतभर काठ्या उभ्या होत्या, त्यांच्यावर कोतवाल आणि साळुंक्या बसल्या होत्या, आणि घाटे टपोरे भरत होते.

"पोरी, तू म्हनली तसंच झालं! पीक वाचलं माहं," काका म्हणाले.

योगिनीचे डोळे भरून आले. तिने कौतुकाने फोटो काढले आणि सहज विचारलं, "पण काका, एवढी लाकडं आणली कुठून?"

"आनाले कायले लागते? या धुऱ्यावरच मोठी बाभळ होती आमची. लय पाखरं बसत तिच्यावर, म्हून उन्हाळ्यात तोडून टाकली."