आईचं वाक्य

प्रयोगशाळेच्या टाकीत आठवडाभरात हजारो पिढ्यांची उत्क्रांती अंगात घेऊन चौघे बाहेर पडले, तेव्हा शहराने त्यांना राक्षस ठरवलं. चौघांनीही ते नाव खरं करून दाखवलं. त्यांच्यातल्या मृण्मयीचा मेंदू इतका वेगाने चाले, की साध्या माणसाचं एक वाक्य तिला तासभर लांबल्यासारखं वाटे. लोकांचं बोलणं ऐकणं तिने केव्हाच सोडलं होतं.

चौघांनी धरण फोडायचं ठरवलं, त्या दिवशी ती धरणाखालच्या गावातून आईला उचलून न्यायला घरी आली. भाकरी थापणाऱ्या आईने वळून पाहिलं आणि बोलायला तोंड उघडलं.

या वेळी मृण्मयी ऐकायला थांबली. आईच्या चेहऱ्यावर भीती उमटली, मग सावकाश ओसरली आणि डोळे भरून आले. शब्द त्यानंतर एकेक करत आले.

"किती वाळलीस गं! बस, गरम भाकरी वाढते. शेजारच्या काकूंनाही हाक मार."

कानातल्या यंत्रातून म्होरक्या अच्युत ओरडला, "कुठे आहेस? भिंतीतली कच्ची जागा तुझ्याशिवाय कुणाला सापडणार?"

"कुणालाच नाही," ती म्हणाली. तिने यंत्र काढून चुलीत टाकलं आणि ती काकूंना हाक मारायला गेली.