मागचं चाक

दिवाळी सरली की सोसायटी सगळ्यांच्या सायकलींची मागची चाकं काढून कार्यालयातल्या खुंट्यांना टांगत असे. चाक काढलेल्या सायकली घरोघरी वीज तयार करणाऱ्या स्टँडवर बसत. हिवाळ्याच्या धुरक्यात गच्चीवरची सौर वीज बंद पडे, तेव्हा इमारतीचे दिवे आणि पाणी रहिवाशांच्या पायांवर चाले. तब्येतही सुधारते, असं सेक्रेटरी शेजवलकर वर सांगत.

त्या पहाटे यामिनी कुलथे बिनचाकाची सायकल खांद्यावर घेऊन कार्यालयात आली.

"माझं चाक द्या."

"कुठे जायचंय?" शेजवलकरांनी विचारलं.

"कुठेच नाही. भिंतीकडे बघत पायडल मारून डोकं फिरायची वेळ आलीय. बाहेर चालवणार आहे."

"म्हणजे वीज रस्त्यावर उधळणार! पाय तुमचे असतील बाई, ताकद सोसायटीची आहे. तुमच्या घरचे दिवे, पाणी, सगळं तोडीन."

"तोडा. अंधारात राहीन."

"निर्लज्ज!" म्हणत त्यांनी चाक तिच्या पायाशी आदळलं.

तिनं ते तिथंच बसवलं आणि आवारात फेऱ्या मारू लागली. चाकांची सरसर ऐकून लोक गॅलऱ्यांत आले. कुणी शिव्या घातल्या, कुणी नुसतंच बघत राहिलं. पण बघायला उठल्यामुळे घरोघरची पायडलं थांबली आणि एकेक मजला अंधारात गेला.

"आत जा! पाय चालवा!" शेजवलकर ओरडले.

शेवटी त्यांच्याच घरातला दिवा विझला. वरून बायकोचा आवाज आला, "तुम्हीच येऊन बसा आता. आणि येताना माझं चाक घेऊन या."